आमच्या काळचं जपान

गुरुकुंज मोझरीत जुन्या गाण्यांविषयी तोंड उघडायचं असेल तर आधी जन्मसाल सांगावं लागतं. नागपूर-अमरावती हायवेला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आमची जी बैठक भरते, तिचा हा नियम. बैठकीत एक रिटायर्ड गुरुजी, एक रिटायर्ड तलाठीसाहेब, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टरभाऊ आणि एक बेंजोमास्तर. बेंजोमास्तर रिटायर झालेले नाहीत, पण त्यांच्या तोंडात कायम खर्रा असतो, त्यामुळे चर्चेतला त्यांचा सहभाग मानेपुरता. मी पंचावन्नच्या घरात. म्हणजे तिथला पोट्टा.

गुरुजींचा सुवर्णकाळ सैगलपाशी सुरू होतो आणि सैगलपाशीच संपतो. मधल्या काळात सैगल असतो. तलाठीसाहेब 1950 ते 1960 एवढाच सातबारा मान्य करतात. पुढचं सगळं अतिक्रमण. कंडक्टरभाऊ 1970 पर्यंत गाडी आणतात आणि "समोर रस्ता खराब हाय" म्हणून सगळ्यांना तिथंच उतरवतात. माझं तारुण्य गेलं 1990 च्या आगेमागे. एकदा धीर करून मी त्या सुमाराचं एक गाणं गुणगुणलो. गुरुजींनी हातातला कप खाली ठेवला.

"दुखते काय कुठं?"

एरवी आपण वय लपवायला काय काय करतो. केसांना कलप, दातांना कवळी, लग्नाच्या बायोडेटात दोन वर्षं गायब. पण जुन्या गाण्याचा विषय निघाला की जो तो पदरची दहा-वीस वर्षं घालून म्हातारा होतो. तलाठीसाहेबांचा जन्म 1952 चा, म्हणजे 'बैजू बावरा' आला त्याच सालचा. तरी तो सिनेमा अमरावतीला लागला तेव्हा टॉकीजबाहेर रांगेत कोण कोण उभं होतं, हे ते नावानिशी सांगतात. आपण विचारायचं नसतं. आपण फक्त चहाचे पैसे द्यायचे असतात.

थोडक्यात, हिंदीत आणि मराठीत माझ्यासाठी एक गुंठाही जुना काळ शिल्लक नव्हता. अशा वेळी मला जपान सापडलं.

सापडलं ते केसांच्या रबरामुळे. भाचीची पोरगी सुट्टीत आली होती. तिच्या दोन वेण्यांसाठी बायकोनं मला 'लव्ह इन टोकियो' आणायला पाठवलं. 1966 साली प्रमोद चक्रवर्तींचा त्या नावाचा सिनेमा आला, आशा पारेखनं केसांना मणी लावलेला रबर बांधला, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बायका त्या रबराला सिनेमाच्या नावानं हाक मारतात. दुकानातल्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं.

"काका, पिच्चर पायजे तं मोबाइलवर पाहा ना. इथं पिना-टिकल्या भेटते."

मग मी त्याला दाखवायला फोनमध्ये 'लव्ह इन टोकियो' असं लिहिलं. फोननं त्यातलं टोकियो धरलं, लव्ह धरलं आणि रबर सोडून दिला. रात्री भजन लावायला गेलो तर वर एक जपानी बाई माझ्याकडे पाहून हसत होती. मारिया ताकेउची. गाणं 'प्लास्टिक लव्ह', साल 1984. पुढं समजलं की यूट्यूबनं हे गाणं तीसेक वर्षांनी उकरून काढून जगभर ज्याच्या त्याच्या गळ्यात मारलं, तेव्हा मोझरीवर काही खास मेहेरबानी झालेली नव्हती. पण त्याच्यापाठोपाठ मिकी मात्सुबाराचं 1979 सालचं 'मायोनाका नो दोआ' लागलं आणि मी चष्मा पुसला. शब्द एक कळत नव्हता. तरी आपण टोकियोत तरुण होतो, रात्री कामावरून परतताना पाऊस लागला होता आणि कोणीतरी आपल्याला सोडून गेलं होतं, हे मला स्वच्छ आठवायला लागलं. वास्तविक 1979 साली मी चौथीत होतो आणि मला सोडून गेली होती ती फक्त आमची शेळी.

"काय ऐकून रायले हो?" बायकोनं विचारलं.

"जुनं गाणं."

"कोनाचं?"

"जपानचं."

"समजते काही?"

"समजायचं काय त्यात? आठवतं."

"काय आठवते?"

मी आवाज जरा वाढवला.

या गाण्यांना तिकडं सिटी पॉप म्हणतात. सत्तरच्या दशकाचा शेवट आणि ऐंशीचं दशक, जपानी माणसाच्या खिशात पैसा खुळखुळत होता आणि गाण्यांत गाड्या, समुद्र आणि उन्हाळा भरला होता. एइइची ओताकीचा 1981 चा 'अ लाँग व्हेकेशन' हा अल्बम घ्या. त्याच्या कव्हरवर पोहण्याचा तलाव, निळंशार पाणी, ताडाची झाडं. बघूनच टाळू गार होते. उन्हाळा ही मजेची गोष्ट असू शकते, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी जपान्यांकडून कळलं. आमचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीस, कूलरच्या ताट्यांना पाणी मारा, दुपारी गावात कुत्रंसुद्धा भुंकायचं पुढं ढकलतं. तरी मी रात्री गच्चीवर पाणी शिंपडून, खाट टाकून समुद्राची गाणी ऐकायचो. समुद्र सहाशे किलोमीटरवर. डोळ्यांसमोर शेजाऱ्यांची काळी टाकी. ती वाहू लागली की लाटांचा भास व्हायचा, आणि मग शेजारीणबाई कोणाच्या तरी नावानं ओरडायच्या.

एवढी तयारी झाल्यावर एका संध्याकाळी मी टपरीवर, चहाच्या ट्रेशेजारी, फोन ठेवला आणि क्यु साकामोतोचं गाणं लावलं. 'उए ओ मुइते आरुको'. म्हणजे मान वर करून चालू या. का, तर डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये. शब्द रोकुसुके एइचे, चाल हाचिदाइ नाकामुराची. साकामोतो ते हसतमुखानं गातो आणि मधे चक्क शिट्टी वाजवतो. शिट्टी आली तशी हायवेवरच्या दोन ऑटोवाल्यांनी मागं वळून पाहिलं.

"कवाचं हाय?" तलाठीसाहेबांनी विचारलं.

"1961."

"एका सालानं हुकलं."

मी हार मानली नाही. हे गाणं 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं, तेही अख्खं जपानीत, असं मी ऐकवलं. फक्त तिकडच्या लोकांना नाव झेपेना, म्हणून त्यांनी त्याला 'सुकियाकी' म्हटलं. सुकियाकी हा मटणाच्या रश्शासारखा एक पदार्थ, त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही.

"म्हंजे आपल्या बिदाईच्या गाण्याले गिलावडा म्हटल्यावानी," टपरीवाला म्हणाला. हे जपानच्या साठ वर्षांच्या दुःखाचं मी ऐकलेलं सर्वांत नेमकं वर्णन.

"आता काय करते तो गायक?" कंडक्टरभाऊंनी विचारलं.

"गेला. 1985 साली विमान पडलं, त्यात होता."

सगळे एकदम गंभीर झाले. गुरुजींनी टोपी सारखी केली. "मंग आवाज चांगलाच होता," ते म्हणाले. आपल्याकडे हयात गायकाच्या आवाजात नेहमी काहीतरी कमी असतं. गुरुजींनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं, मांडीवर पेटीचे सूर धरून पाहिले आणि निकाल दिला, "हा भूप हाय."

आता यात तथ्य होतं. जपानी जुन्या गाण्यांत चौथा आणि सातवा सूर गाळायची एक रीत आहे, तिला योनानुकी म्हणतात. म आणि नी गाळले की आपला भूप उरतो. साकामोतोचं गाणं मधे जरा इकडंतिकडं भटकून येतं, पण घर त्याचं तेच. मी हे सांगायला गेलो, तर गुरुजी म्हणाले, "मंग तेच तं सांगून रायलो." अशा रीतीनं पहिल्याच दिवशी माझं अर्धं जपान गुरुजींच्या नावावर चढलं.

मी अभ्यास वाढवला. दोनशे पानी वही आणली आणि जपानी गाणी ऐकून ऐकून देवनागरीत उतरवली. एक दिवस ती वही आईच्या हाती लागली. आई ऐंशीच्या पुढची, रोज ग्रामगीतेचा अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही. मी बाहेरून आलो तर ती चष्मा लावून 'लिंदा लिंदा' म्हणत होती. हे द ब्लू हार्ट्स या रॉक बँडचं 1987 सालचं गाणं. ते मुळात घशाच्या शिरा ताणून, उड्या मारत म्हणायचं असतं. आईनं ते सकाळच्या भजनाच्या चालीत बसवलं होतं, आणि वाईट म्हणजे ते बसलं होतं.

"कोन्या देवीचं हाय रे हे?"

"देवीचं नाही आई, जपानचं आहे."

"तिकडची देवी असंन."

संध्याकाळी वही देव्हाऱ्यात होती. वर हळदीकुंकू. आता तिथून ती उचलायची म्हणजे घरात महाभारत. त्यामुळे अमरावतीच्या कराओके क्लबात मला वहीशिवाय जावं लागलं.

त्या क्लबाचे मानकरी आमचे साडभाऊ. हल्ली अमरावतीसारख्या गावात रिटायर माणसाला दोन मार्ग असतात, एक योगा आणि दुसरा कराओके. पहिल्यात श्वास सोडायचा असतो, दुसऱ्यात तो पुरवायचा असतो. हॉलमध्ये पन्नास माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या गाण्याचा कागद. जो गातो त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. प्रत्येक जण ओठांतल्या ओठांत आपला अंतरा घोकतोय. हे यंत्र 1971 साली कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. 2004 साली त्याला थट्टेचं नोबेल मिळालं, शांततेचं. कारण दिलं होतं की माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याची नवी रीत यानं काढली. साडभाऊंचा मुकेश ऐकताना मला या गृहस्थाच्या कामाची व्याप्ती कळली.

माझा नंबर आला. पडद्यावर शब्द उमटायला लागले, पण जपानी लिपीत. मी डोळे मिटले आणि आठवेल ते म्हटलं. जिथं आठवलं नाही तिथं भरतीला आमच्या तालुक्यातल्या गावांची नावं घातली. शेंदोळा, वरखेड, कुऱ्हा. टाळ्या मात्र मलाच सर्वांत जास्त. कुठं चुकलं हे एकालाही सांगता येत नव्हतं, आणि पन्नास जाणत्यांच्या सभेत ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येते. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "तामिळ का हो?"

साठच्या दशकातल्या बँडपर्यंत मी तेव्हाच पोचलो. बीटल्स 1966 साली टोकियोच्या बुदोकानला वाजवून गेले आणि जपानी पोरांनी घरोघरी गिटारी काढल्या. त्या गाण्याबजावण्याला ग्रुप साउंड्स म्हणत. द टायगर्स, द स्पायडर्स, अशी नावं. केस वाढवलेल्या या पोरांना एनएचके या सरकारी वळणाच्या वाहिनीनं लांबच ठेवलं. हे वाचून मला फार जवळचं वाटलं, कारण आमच्या घरी केस कानावर आले की वडील न बोलता सायकल काढायचे आणि मला पुढच्या दांडीवर बसवून न्हाव्याकडे नेऊन सोडायचे. रॉक संगीत वऱ्हाडात का रुजलं नाही, याचं कारण मला विचाराल तर सायकलची दांडी.

या टायगर्सनी एकदा माझी शोभा केली. प्रार्थनेला बसलो होतो. सगळं शांत. आणि माझ्या खिशातून गिटार सुरू झाली. मी खिसा दाबला, तर आवाज वाढला. एकानंही डोळे उघडले नाहीत. ही मोझरीची शिस्त. प्रार्थना संपल्यावर चपला शोधताना सगळ्यांनी बरोबर माझ्याकडेच पाहिलं. हा मोझरीचा अनुभव.

तरी टपरीवर माझा भाव वाढत होता. आता कोणी जुन्या गाण्याचा विषय काढला की मी "त्याच सुमाराला जपानात..." अशी सुरुवात करायचो. असं बरेच दिवस चाललं. आणि मग एका संध्याकाळी सगळे एकदम अंगावर आले.

सुरुवात कंडक्टरभाऊंनी केली. "जपान जपान काय करून रायला बे? 'लव्ह इन टोकियो' म्या चारदा पायला. सायोनारा लताबाईनं आमाले शिकवलं, तवा तू जलमला बी नवता."

मी म्हटलं, "भाऊ, ते हिंदी गाणं आहे."

"शूटिंग कुठं झालं?"

"जपानात."

"मंग?"

इतक्यात कप धुणारा टपरीवाल्याचा पोरगा मधे पडला. त्याचं लहानपण 1993 नंतरचं, म्हणजे रविवार सकाळ आणि दूरदर्शनवरचा मोगली. "काका, मोगली जपानी हाय. नागपूरच्या पलीकडं सिवनीचं जंगल, पोट्टा तिथला, पन कार्टून बनवलं जपाननं." खरं होतं. ती मालिका 1989 ची, जपानी कंपनीची. चड्डी घातलेलं फूल तेवढं गुलजारांचं. म्हणजे आमच्या शेजारच्या जंगलातला पोरगा टोकियोला जाऊन रंगून आला आणि परत घरी आला, तेव्हा कुठं आम्ही त्याला ओळखलं. याच्यावर काय बोलणार? मी चहा मागवला.

आणि मग बेंजोमास्तर उठले, टपरीमागं गेले, खर्रा थुंकून आले. त्यांचा पूर्ण आवाज आम्ही कोणीच फारसा ऐकलेला नव्हता.

"बेंजो जपानी हाय," ते म्हणाले.

"कोन म्हनते?"

"ज्याच्याकडून घेतला तो म्हने."

आम्ही सगळे हसलो. घरी येऊन पाहिलं, तर मास्तरांचा शब्द न शब्द खरा. कव्वालीत, भीमगीतांच्या कार्यक्रमात, वरातीत जो वाजतो, ज्याला पुस्तकात बुलबुलतरंग म्हणतात, त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो. गोरो मोरिता नावाच्या माणसानं नागोयात 1912 च्या सुमारास ते काढलं, टाइपरायटरसारख्या बटणांचं. म्हणजे मी गच्चीवर समुद्र शोधत होतो तेव्हा खरं जपान माझ्याशेजारी बाकावर खर्रा खात बसलं होतं. शिवाय आपण कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला सरसकट ज्या नावानं ओळखतो ते कॅसिओही तिकडचंच. आपली वरातच्या वरात जपानी होती आणि नवरदेवाला पत्ता नव्हता.

गुरुजी एवढा वेळ गप्प होते. बशीतला शेवटचा घोट झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्या त्या साकामोतोचं गानं कवाचं म्हनला?"

"1961 चं."

"महाराज जपानले कवा गेले?"

मी मान खाली घातली. मोझरीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म परिषदेला जपानला गेले होते.

"पंचावन्नले," मी म्हणालो.

"मंग? आधी आपली खंजिरी. मागून त्याची शिट्टी." गुरुजींनी काठी उचलली, प्रार्थनेची वेळ झाली होती. तलाठीसाहेबांनी घाईघाईनं हिशेब करून जाहीर केलं की पंचावन्न साल त्यांच्या हद्दीत बसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंडक्टरभाऊंच्या नातीचं लग्न निघालं, तिवसा रोडवरच्या लॉनवर. वाजंत्री अर्थातच बेंजोमास्तरांची. आदल्या रात्री मास्तर माझ्याकडे आले, "ते शिट्टीवालं लावा" म्हणाले. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते वाजवलं, आणि मूळ गाण्यात नसलेल्या दोन हरकती घातल्या.

पाठवणीच्या वेळी त्यांनी तेच सुरू केलं. लाउडस्पीकरवर बेंजो, मागं कॅसिओ. नवरी आईच्या गळ्यातून सुटून गाडीकडे निघाली आणि एकाएकी मान वर करून आभाळाकडे पाहत चालू लागली. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, पोरीला जपानी येतं! मी तिच्या मावशीला विचारलं.

"काही नाई हो," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पार्लरवालीनं सांगतलं तिले, रडू आलं तं वर पाहाजो. काजळ वघळते. आठ हजार घेतले मेकपचे."

तिकडे नवरदेवाचे मामा मास्तरांच्या खिशात नोट कोंबत होते. "तेच वाजवा, तेच. कोन्या पिच्चरचं हाय?"

"'लव्ह इन टोकियो'," कंडक्टरभाऊ रडता रडता म्हणाले.

"नाही, नाही," मी पुढं झालो, "हे 1961 चं, क्यु साकामोतो..."

"आमच्या काळचं हाय," तलाठीसाहेबांनी मला बाजूला सारलं. "एका सालानं काय होते?"

मास्तरांनी तोंडात नवा खर्रा भरला होता, त्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी मामांना खुणेनं थांबवलं, परदेशी गाण्याचे ज्यादा पैसे लागतात अशी दोन बोटं दाखवली, आणि ते कोणाकडून घ्यायचे हे सांगायला मान माझ्याकडे वळवली.